महागडं टर्नटेबल घ्यायचं का? केसरबाई केरकरांच्या चार तबकड्या आणि माझा हिशोब

प्रश्न सरळ आहे. माझ्याकडे साधारण बावीस हजारांचं टर्नटेबल आहे. त्याच्या जागी दीड लाखाचं घ्यावं का? पैसे बाजूला काढून ठेवलेत, दुकानदार ईएमआयवर द्यायला तयार आहे, आणि मुलुंडच्या आमच्या वन बीएचकेमध्ये त्याच्यासाठी एक कोपराही रिकामा केलाय. आता फक्त हो म्हणायचं बाकी आहे.

पण मी ऐकतो काय? एलपी वीसेक आहेत. त्यापलीकडे आजोबांनी ठेवलेल्या ७८ आरपीएमच्या जुन्या तबकड्या आहेत, लाखेच्या, जड, हातातून सुटली की संपलीच अशा. त्यातल्या चार केसरबाई केरकरांच्या आहेत. शिवाय त्यांची एक एलपीसुद्धा. खरं सांगायचं तर या अपग्रेडचं खूळ डोक्यात शिरलं ते याच पाच नगांमुळे. म्हणून मी ठरवलं की मशीनचे रिव्ह्यू नंतर बघू, आधी या बाईंचं आणि तबकडीचं नातं काय होतं ते समजून घेऊ. ज्या खाचेत सुई फिरणार आहे त्या खाचेत मुळात काय भरलंय, हे माहीत नसताना दीड लाख कशाला घालवायचे?

केसरबाईंचा जन्म १३ जुलै १८९२ चा, गोव्यात फोंडा तालुक्यातल्या केरी गावचा. तेव्हा गोवा पोर्तुगीजांकडे होता. एमिल बर्लिनरने सपाट तबकडीच्या ग्रामोफोनचं पेटंट १८८७ मध्ये मिळवलं, म्हणजे हे यंत्र केसरबाईंपेक्षा जेमतेम पाच वर्षांनी मोठं. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं तबकडीवर उतरलं तेव्हा केसरबाई दहा वर्षांच्या होत्या, आणि त्यांची गाण्याची पहिली तालीम होऊनही गेली होती. आठव्या वर्षी त्या कोल्हापूरला गेल्या, तिथे अब्दुल करीम खाँसाहेबांकडे आठ महिने शिकल्या. मग परत गोवा. रामकृष्णबुवा वझे गोव्यात येत तेव्हा त्यांच्याकडे शिकणं. सोळाव्या वर्षी आई आणि मामाबरोबर मुंबई. इथे सतारिये बरकतुल्ला खाँ, तेही सलग नाही, अधूनमधून. ते म्हैसूर दरबारी गेल्यावर थोडे दिवस भास्करबुवा बखले, पुन्हा वझेबुवा.

आजच्या भाषेत सांगायचं तर सारखं अपग्रेड चालू होतं आणि एकही व्हर्जन पूर्ण इन्स्टॉल होत नव्हतं. गुरू सगळे मोठे, पण कुणीच जास्त दिवस मिळेना. एकोणतिसाव्या वर्षी, १९२१ मध्ये, जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँ यांची तालीम सुरू झाली आणि ही धावपळ थांबली. पुढची अकरा वर्षं त्या त्यांच्याकडे शिकल्या. १९३० च्या सुमारास व्यावसायिक मैफली सुरू झाल्या, तरी शिकणं संपलं नाही. खाँसाहेबांची तब्येत ढासळत गेली, पण १९४६ मध्ये ते जाईपर्यंत केसरबाई त्यांच्याकडून घेतच राहिल्या. जवळजवळ पंचवीस वर्षं, एकच गुरू.

हे घराणं काय आहे हे थोडं सांगतो, कारण टर्नटेबलच्या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे. मोकळा, भरदार आकार. लय फार संथ नाही. एका दमात लांबच लांब जाणारी, वळणांवर वळणं घेणारी तान. आणि जोडराग, म्हणजे दोन राग असे विणायचे की शिवण दिसता कामा नये. नट कामोद हा त्यातलाच, आणि माझ्या चार तबकड्यांपैकी एक त्याचीच आहे. हे गाणं फुलायला अर्धा-पाऊण तास लागतो. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला किती वेळ मिळायचा? साधारण तीन मिनिटं. म्हणजे आपल्या एका रीलइतकाच.

आता कल्पना करा, पंचवीस वर्षं जे कमावलं ते तीन मिनिटांत बसवायचं. चुकलं तर दुरुस्ती नाही, कारण गाणं थेट मेणाच्या तबकडीवर कोरलं जायचं. एडिटिंग नाही, ऑटोट्यून नाही. केसरबाईंनी एचएमव्ही आणि ब्रॉडकास्ट या दोन कंपन्यांसाठी काही तबकड्या केल्या, पण मोजक्याच. आपलं गाणं लोकांपर्यंत कोणत्या रूपात जावं याबद्दल त्या अतिशय काटेकोर होत्या. मैफलीत समोर मायक्रोफोन असणं त्यांना आवडत नसे आणि कुणी चोरून रेकॉर्ड तर करत नाही ना याकडे त्यांचं लक्ष असे, असं जुने लोक सांगतात. याला काही जण तुसडेपणा म्हणतात. मला तसं वाटत नाही. साधन आपल्या गाण्याला पुरतंय का, हे त्या गाणाऱ्याच्या बाजूने तपासत होत्या. मी तेच ऐकणाऱ्याच्या बाजूने तपासतोय.

मग त्या तीन मिनिटांत नेमकं काय उतरलं? इथे थोडं तंत्र लागेल, पण सोपं आहे.

७८ ची खाच आणि एलपीची खाच या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत. एलपीची सुई टोकाला फार बारीक असते, साधारण ०.७ मिल त्रिज्येची. एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. ७८ ची खाच रुंद, तिला सुमारे ३ मिलची सुई लागते, म्हणजे चौपटीहून जाड. एलपीची सुई ७८ वर टेकवली की ती खाचेच्या भिंतींना धरतच नाही, थेट तळाला जाऊन बसते. तळाला काय असतं? सत्तर-ऐंशी वर्षांची धूळ आणि जुन्या लोखंडी सुयांनी केलेला चुरा. तो खरखराट म्हणजे केसरबाईंचा आवाज नव्हे, तो तळाचा गाळ आहे. आवाज भिंतींवर कोरलेला आहे. तुमचं टर्नटेबल पाच हजाराचं असो की पाच लाखाचं, सुई चुकीची असेल तर ऐकू येणार तो गाळच.

दुसरी भानगड वेगाची. ७८ म्हणतात खरं, पण ७८ हा आकडा काटेकोर नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून ७७ रेघांच्या स्ट्रोब चकतीवर दिवा सोडला की मिनिटाला ७७.९२ फेऱ्यांना रेघा स्थिर दिसतात. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथे ९२ रेघा आणि ७८.२६ फेऱ्या. हा फरक किरकोळ आहे. खरी अडचण अशी की त्या काळात सगळ्याच तबकड्या अचूक ७८ वर कोरल्या जात नसत. समजा मूळ वेग ७६ होता आणि आपण ७८ वर वाजवली, तर आवाज वर चढतो, आणि तोही हार्मोनियमच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या जवळजवळ निम्म्याने. लय वाढते ती वेगळीच. केसरबाईंच्या आवाजाचा जो भारदस्त पोत आहे, तो एवढ्याने पातळ होऊन जातो. म्हणजे वेग थोडा मागेपुढे करता येणारं मशीन हवं. मजा अशी की बऱ्याच उंची टर्नटेबलांवर फक्त ३३ आणि ४५ असतात, ७८ नसतंच. टेक्निक्सच्या एसएल-१२००च्या एमके७ मॉडेलवर ७८ मिळतं, पण दीड लाखाचं जे मॉडेल मी बघून ठेवलं होतं त्यावर नव्हतं.

तिसरी गोष्ट इक्वलायझेशन. एलपी कोरताना खर्जाचे सूर दाबतात आणि वरचे उचलतात, आणि वाजवताना प्रीअँप त्याचं उलटं करतो. हा नियम १९५४ च्या सुमारास आरआयएए नावाने ठरला. केसरबाईंच्या ७८ त्याआधीच्या. त्यांना आजच्या प्रीअँपमधून ऐकलं की वरचे सूर गरजेपेक्षा जास्त दबतात आणि गाणं गोधडीखालून आल्यासारखं वाटतं. हेसुद्धा टर्नटेबलच्या किमतीने सुटत नाही.

मग महाग मशीन देतं तरी काय? बरंच देतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. थाळी समान वेगाने फिरते. बेअरिंगची घरघर कमी होते. आर्म हलका आणि नेमका असतो. बाहेरचे धक्के कमी पोचतात, आणि रेल्वेलाइनजवळ राहणाऱ्या माणसाला याची किंमत कळते; आमच्याकडे फास्ट लोकल गेली की कपाटातल्या कपबश्यांनाही समजतं. वेग डळमळला की सगळ्यात आधी उघडा पडतो तो लांब लावलेला सूर आणि मागचा तानपुरा, म्हणजे नेमकं आपलं संगीत. पण तबकडीचं भोकच मध्यापासून सरकलेलं असेल, तर सूर दर फेरीला हेलकावणार, मग मशीन कितीही भारी असो. माझ्या चारपैकी एक तशीच आहे.

बोरिवलीला माझ्या एका मित्राकडे दोन लाखांच्या घरातलं टर्नटेबल आहे. मागच्या महिन्यात पाचही नग टॉवेलमध्ये गुंडाळून त्याच्याकडे घेऊन गेलो (७८ पिशवीत आडव्या नका ठेवू, उभ्या ठेवा). एलपी लावली. फरक कळतो का? कळतो. पार्श्वभूमी शांत झाली, तानपुरा ठाम झाला. पण ही एलपी मुळात जुन्या ७८ वरूनच बनवलेली. त्यामुळे बाईंचा आवाज जितका पुढे आला, तितकीच मूळ लाखेच्या तबकडीची खरखरही स्पष्ट झाली. त्याच्या मशीनने जे होतं ते प्रामाणिकपणे दाखवलं. नसलेलं ते कुठून आणणार? आणि ७८ तर तिथे वाजल्याच नाहीत, वेगच नव्हता.

केसरबाईंच्या आयुष्याकडे परत येतो, कारण पुढचा भाग सगळ्यात भारी आहे. १९४८ मध्ये कलकत्त्याच्या एका संगीतप्रेमी संस्थेने त्यांना सुरश्री ही पदवी दिली. १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९६३-६४ च्या सुमारास त्यांनी जाहीर गाणं थांबवलं. १९६९ मध्ये पद्मभूषण, त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने राज्य गायिका म्हणून गौरव केला. शिष्य फार केले नाहीत. धोंडूताई कुलकर्णी हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव. म्हणजे रेकॉर्ड मोजक्या, शिष्य मोजके, गाणं बंद. मागे उरणार ते थोडंच, आणि ते त्यांनी स्वतःच ठरवल्यासारखं.

आणि मग अमेरिकेत कार्ल सेगन यांच्या समितीने व्हॉयेजर यानांवर पाठवायच्या तबकडीसाठी गाणी निवडायला घेतली. परग्रहावर कुणी असलंच तर त्यांना पृथ्वीवरची माणसं कळावीत म्हणून. रॉबर्ट ब्राउन या संगीताच्या अभ्यासकाने भारतातून एक नाव सुचवलं, केसरबाई केरकर, भैरवी, जात कहाँ हो. पंचाईत ही की ती रेकॉर्ड बाजारात मिळेना. शोधाशोध करून शेवटी न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या छोट्या दुकानात प्रती सापडल्या. जिने रेकॉर्डिंगला कायम हात आखडता घेतला, तिचा आवाज अंतराळात जाणार की नाही, हे एका दुकानातल्या न विकलेल्या मालावर ठरलं! बाख, बीथोवन, लुई आर्मस्ट्राँग, चक बेरी यांच्या रांगेत भारतातून एकच गाणं गेलं, साडेतीन मिनिटांचं. (त्याच तबकडीवर ५५ भाषांमधले नमस्कार आहेत आणि त्यात मराठीही आहे. हे शाळेत का सांगत नाहीत कुणास ठाऊक.)

आता ही तबकडी तंत्राच्या नजरेने बघा. बारा इंची, तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली. वेग मिनिटाला १६ पूर्णांक दोन तृतीयांश फेऱ्या, म्हणजे एलपीच्या निम्मा, जास्त मजकूर मावावा म्हणून. सोबत काय दिलं? टर्नटेबल नाही. कार्ट्रिज आणि सुई दिली. ॲल्युमिनियमच्या कव्हरवर चित्रं कोरली, सुई कुठे टेकवायची, आणि एक फेरी किती वेळात पूर्ण व्हायला हवी. ती वेळ ३.६ सेकंद आहे, पण परग्रहावर सेकंद कुणाला ठाऊक? म्हणून ती हायड्रोजन अणूच्या एका बदलाला लागणाऱ्या वेळेच्या, म्हणजे ०.७० अब्जांश सेकंदाच्या मापात लिहिली. थाळी कशावर फिरवायची ते ऐकणाऱ्याने बघावं. सुई आणि वेग मात्र पाठवणाऱ्यांनी त्याच्यावर सोडले नाहीत.

व्हॉयेजर २ निघालं २० ऑगस्ट १९७७ ला, व्हॉयेजर १ निघालं ५ सप्टेंबरला. त्यानंतर अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ ला, केसरबाई गेल्या. व्हॉयेजर १ ने २०१२ मध्ये सूर्याच्या प्रभावाचा पट्टा ओलांडला आणि आज ते आपल्यापासून २४ अब्ज किलोमीटरच्या पलीकडे आहे. केरीत त्यांच्या नावाची शाळा आहे, आणि गोव्यात त्यांच्या नावाने संगीत समारोहही होतो.

तर मी काय केलं? दीड लाखाचं मशीन घेतलं नाही. माझ्या सध्याच्या टर्नटेबलवर ७८ चा वेग आहे आणि तो थोडा मागेपुढे करता येतो. कार्ट्रिज ऑडिओ-टेक्निकाचं, व्हीएम९५ मालिकेतलं. या मालिकेत ७८ साठी एसपी नावाची ३ मिलची वेगळी सुई मिळते. जुनी ओढून काढायची, ही बसवायची, आर्मचं वजन तिच्या माहितीपत्रकाप्रमाणे वाढवायचं, बस्स. काही हजारांत काम झालं. तबकड्या आधी डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणाचा थेंब टाकून पुसल्या, मधलं लेबल कोरडं ठेवून. फोनची स्क्रीन पुसायचं स्पिरिटवालं लिक्विड चुकूनही लावू नका, अल्कोहोलमध्ये लाख विरघळते आणि गाणं कापसाबरोबर निघून येतं.

मग प्रत्येक बाजू एकदाच वाजवून लॅपटॉपवर घेतली. दर वेळी वाजवलं की खाच थोडी झिजते, आणि या चार पुन्हा मिळायच्या नाहीत, त्यामुळे रोज ऐकायला फाइल आणि तबकडी पेटीत. ऑडॅसिटीत दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनो केलं. खाच आडवीच कोरलेली असल्यामुळे उभ्या हालचालीतून येते ती निव्वळ खरखर, आणि मोनो केल्यावर त्यातली पुष्कळशी एकमेकींना खाऊन टाकते. इक्वलायझेशन तिथेच जुन्या ७८ च्या कर्व्हवर आणलं. वेग मात्र कानाने लावला. नट कामोदसाठी तीनदा खालीवर केला. एका जागी आवाज अचानक रुंद झाला, तान घेतानाचा दम नीट ऐकू यायला लागला. तो आकडा तबकडीच्या पाकिटावर पेन्सिलने लिहून ठेवलाय.

आता हे सगळं माझ्या फोनमध्ये आहे आणि मी सकाळच्या ठाणे-सीएसएमटी स्लोमध्ये साध्या वायरच्या इअरफोनवर ऐकतो. घाटकोपरला मेट्रोची गर्दी आत शिरेपर्यंत एक बाजू संपलेली असते.

तुमच्याकडे एलपीच जास्त असतील, त्याही चांगल्या दाबलेल्या, आणि घरात धक्के बसत असतील, तर महाग मशीनचा विचार जरूर करा. पण आधी सुई किती तास चाललीय ते बघा. ती झिजलेली असेल तर नवी बसवून महिनाभर ऐका. आणि घरात आजी-आजोबांच्या ७८ असतील तर दुकानात पहिला प्रश्न हाच विचारा, यावर ७८ चा वेग आहे का आणि ३ मिलची सुई बसते का. विक्रेता गोंधळला तर पुढच्या दुकानात जा.